शेवटचा अर्धा आटा

घट्ट किती आवळावं, हा प्रश्न माणसाला जन्मभर पुरतो. लहानपणी शाईच्या दौतीचं झाकण, पुढे बुटाची नाडी, मग मुलांवरचा लगाम आणि उतारवयात कमरेचा पट्टा. यांतल्या एकाही वस्तूबरोबर माहितीपत्रक येत नाही. ते येतं हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या स्क्रूड्रायव्हरबरोबर. म्हणून या चिमुकल्या यंत्राविषयी मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांइतकाच आदर आहे. शिवाय ते ग्रंथांपेक्षा वजनाला हलकं असतं.

यंत्र घ्यायचा निर्णय माझ्या मनगटाने घेतला. साठी उलटली की मनगट स्वतःची वेगळी मतं मांडू लागतं. पण सौभाग्यवतींनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. "अहो, आपल्या घरात सैल झालेले स्क्रू आहेत तरी किती?"

मी हिंडून मोजले. कपाटांच्या बिजागऱ्या, पडद्यांचे दांडे, कढईचा कान असं सगळं धरून अकरा भरले.

"बारावा मोजलाच नाहीत," ती माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली.

अकरा स्क्रूंसाठी यंत्र घ्यावं का, हा प्रश्न दुकानात गेल्यावर अधिकच अवघड होतो, कारण दुकानदाराला अकरा हा आकडाच मान्य नसतो. "काका, अठरा व्होल्टचं न्या. भिंतीला भोक पाडेल."

"मला भिंतीला भोक पाडायचं नाही."

"पण कधी वाटलं तर?"

या 'कधी वाटलं तर'वर निम्मा बाजार उभा आहे. आपण खरेदी करतो ती गरजेची नव्हे, तर आपण उद्या होणार असलेल्या कुणा पराक्रमी माणसाची. त्या माणसासाठी आणलेले डंबेल्स, संस्कृत शब्दकोश आणि पोहण्याचा चष्मा आमच्या माळ्यावर त्याची वाट बघत आहेत.

म्हणून मी लहान यंत्राचा अभ्यास केला. त्याची ताकद ३.६ व्होल्ट, म्हणजे लिथियम-आयन बॅटरीचा एकच घट. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या जनकांना नोबेल मिळालं २०१९ साली. या यंत्राचा पिळण्याचा जोर तीन ते पाच न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. एक मीटर लांबीची आडवी दांडी धरा आणि तिच्या टोकाला एक लहानसं सफरचंद टांगा. झाला एक न्यूटन-मीटर. न्यूटन आणि सफरचंद यांची ताटातूट काही होत नाही! म्हणजे चार-पाच सफरचंदांचा जोर. कपाटाच्या बिजागरीला तो पुरून उरतो.

पण खरी मेख पुढेच आहे. यांतल्या काही यंत्रांच्या तोंडाशी आकडे कोरलेलं एक कडं असतं. त्याला क्लच म्हणतात. आपण ठरवलेल्या आकड्याइतका विरोध झाला की यंत्र 'कट् कट्' असा आवाज करतं आणि स्क्रू पिळायचं थांबतं. थोडक्यात, ते 'पुरे' म्हणतं. माझ्या माहितीतली कितीतरी मोठी माणसं हा शब्द शिकली नाहीत.

आता इथे एक नैतिक पेच पडतो. थांबलं ते यंत्र. मग संयम कुणाचा? ताटातलं श्रीखंड संपलं म्हणून जेवण थांबवणाऱ्याला आपण मिताहारी म्हणत नाही. मग कड्याने थांबवलेल्याला संयमी का म्हणावं? यावर म्हणता येईल की कड्यावरचा आकडा तर आपणच लावला होता. खरं आहे. वाढायला घेतानाच वाटी लहान निवडणं हाही संयमच, फक्त तो आधी केलेला.

गौतम बुद्धांनी सोण नावाच्या भिक्षूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. दाखला मोलाचाच, पण वीणा बोलकी असते. तार बिघडली की कानाला कळतं. भुशाच्या फळीतला स्क्रू मात्र तक्रार करत नाही. तो घट्ट, आणखी घट्ट होत जातो आणि एका क्षणी एकदम मऊ लागतो. आपल्याला वाटतं, आता छान फिरतोय. आटे गेलेले असतात.

माणसांचंही असंच असतं. आमच्या एका स्नेह्यांनी मुलाला शिस्तीत वाढवलं. मुलगा कधी उलट बोलला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! तो आता दिवाळीला फोन करतो. दोन मिनिटं, अतिशय नम्रपणे.

शेवटी मी आमच्या सुतारमिस्त्रींचा सल्ला घेतला. त्यांच्याकडे मोठी यंत्रं आहेत. त्यांना मी प्रतिस्पर्धी वाटण्याचं काही कारण नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, यंत्र कुठलंही घ्या. पण शेवटचा अर्धा आटा हातानेच. लाकूड काय म्हणतंय ते हातालाच कळतं."

आणि गंमत म्हणजे छोट्या यंत्रांत तशी सोयही असते. बटण सोडलं की पुष्कळांचा दांडा आतून जखडला जातो आणि तेच यंत्र साध्या स्क्रूड्रायव्हरसारखं हाताने फिरवता येतं. मी निवडलं ते असंच: लहान, कडं असलेलं आणि बटण सोडल्यावर हाताचं ऐकणारं. मनगटाचे कष्ट यंत्राकडे, निर्णय मनगटाकडे. ही वाटणी सौभाग्यवतींनाही पटली. आमच्या संसारात ती आधीपासूनच चालू आहे, एवढंच त्या म्हणाल्या. यातलं यंत्र कोण, हे मी विचारलं नाही.

तेवढं करूनही एखाद्या स्क्रूचे आटे गेलेच, तरी उपाय आहे. भोकात दोन आगपेटीच्या काड्या आणि थोडा फेव्हिकॉल घालायचा, रात्रभर वाळू द्यायचा, मग स्क्रू पुन्हा धरतो. आमच्या स्नेह्यांना उपयोगी पडेल असं काही मिळतं का, म्हणून मी दुकानातली सगळी फडताळं पाहिली. तो माल मात्र त्यांच्याकडे नव्हता.