पुनरुज्जीवित यंत्र आणि पुसलेला पाठ

जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कची अखंड नक्कल करून ठेवता येते. तो संगणक भंगारात गेल्यावर कित्येक वर्षांनी ही नक्कल नव्या संगणकातील ‘व्हर्च्युअल मशीन’ नावाच्या आभासी यंत्रात बसवून पुन्हा चालूही करता येते. अभिलेखागाराच्या दृष्टीने हा प्रामुख्याने तंत्राचा प्रश्न होय. संहितेचा विचार करणाऱ्याला मात्र तो एवढ्यावर सोडता येत नाही. जे चालू झाले ते पूर्वीचेच आहे, असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? आणि मृत व्यक्तीचा संगणक चालू करण्याचा अधिकार कोणाकडे जातो?

अशी नक्कल, म्हणजे ‘इमेज’, ही निवडक फायलींची थैली नव्हे. डिस्कवरील प्रत्येक सेक्टर तीत जसाच्या तसा उतरतो. रिकामी समजली जाणारी जागाही सुटत नाही. जुन्या डिस्कवर फाईल पुसणे म्हणजे बहुधा तिची नोंद काढणे एवढेच असते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तेथेच राहतो. आभासी यंत्र या नक्कलेपुढे डिस्क, पडदा, कळफलक यांचा देखावा उभा करते आणि आतील प्रणाली आपण आपल्याच जुन्या देहात आहोत असे धरून चालते. हा भ्रम पुरता टिकत नाही. विंडोज ९८ नव्या भागांसाठी ड्रायव्हर मागू लागते. विंडोज एक्सपी यंत्र बदलल्याचे ओळखून परवान्याची पुन्हा खातरजमा करावयास सांगते. शिवाय प्रणाली सुरू होते तीच डिस्कवर काही नव्या नोंदी करत. जिवंत होण्याच्या पहिल्याच क्षणी ती आपल्या मूळ प्रतीहून वेगळी झालेली असते.

प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर पडलेल्या तानाजींचा देह मढे घाटाने या गावी आणला गेला, अशी परंपरा सांगते. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात रायबाच्या लग्नाची तयारी चालते ती याच उमरठात. हा पोवाडा अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहाने छापील रूपात स्थिर केला. छापणे म्हणजेही गोठवणे. पण त्याने गाणे थांबत नाही. समजा, १९९५ च्या सुमारास एखाद्या अभ्यासकाने या परिसरातील गायकांकडून पोवाड्याचे निरनिराळे पाठ मिळवून संगणकावर टंकित केले. काही पाठ ठेवले, काही पुसले. पुढे तो वारला आणि डिस्कची इमेज एखाद्या संस्थेच्या कपाटात पडून राहिली.

ती आज उघडली तर काय दिसेल? त्या काळात डॉस प्रणालीवर देवनागरी लिहिण्याचा एक रुळलेला मार्ग म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड. हे कार्ड संगणकात प्रत्यक्ष खोचावे लागे. अक्षरे पडद्यावर काढण्याचे काम ते करी. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेतात मजकूर साठवला जाई. सर्वसाधारण आभासी यंत्र या कार्डाचा देखावा उभा करत नाही. परिणामी इमेजमधील एकही बाइट हरवलेली नसताना पडद्यावर चौकटींचे तुकडे आणि ग्रीक अक्षरे दिसतात. नक्कल परिपूर्ण आहे आणि पोवाडा नाही. संहिता म्हणजे चिन्हांचा साठा, ही समजूत येथे ढासळते; चिन्हे आणि त्यांना वाचणारे काही, यांच्यामधला व्यवहार खंडित झाला की उरते ते केवळ द्रव्य.

नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये कलाकृतींचे दोन वर्ग पाडले: चित्रासारख्या, जिथे हुबेहूब नक्कलही बनावटच ठरते, आणि साहित्यकृतीसारख्या, जिथे अचूक उतरलेली प्रत्येक प्रत तीच कृती असते. डिस्कची इमेज प्रथमदर्शनी दुसऱ्या वर्गातली. परंतु गुडमन यांची अचूकता लिपीच्या स्थैर्यावर उभी आहे आणि आपल्या उदाहरणात लिपीच एका तुकडा प्लास्टिक-तांब्यात अडकली होती. पोवाडा तर या दोन्ही वर्गांच्या बाहेर पडतो. तिथे प्रत्येक गायन ही पुनःस्थापनाच असते आणि तिच्यामागे कोणतीही इमेज नसते. अनेक इतिहासकारांनी नाकारलेली यशवंती घोरपड पोवाड्यात आजही कडा चढते, ती याच बळावर.

मग पुनःस्थापकाची निष्ठा कशाशी? या बाबतीत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचा (१९१९–१९६६) दाखला उपयोगी पडतो. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात तशीच्या तशी सापडत नाही. तिची विश्वासार्हता तळटीपांत आहे: काय स्वीकारले, काय वगळले, कोणत्या प्रतीत काय होते, हे वाचकाला तपासता येते. संगणकाच्या बाबतीत हाच दंडक लागू व्हावा. मूळ इमेज अस्पर्श राहावी, काम दुसऱ्या प्रतीवर व्हावे, घातलेला प्रत्येक ड्रायव्हर आणि केलेले प्रत्येक संकेतांतर नोंदले जावे. एवढी नोंद नसेल तर ‘मूळ संगणक जसाच्या तसा’ हा दावा संशोधनाचा राहत नाही, प्रदर्शनाचा होतो.

तथापि या दंडकाने निम्माच प्रश्न सुटतो. महाभारताच्या संपादकांपुढे प्रक्षेप होते. आपल्या अभ्यासकाच्या इमेजमध्ये त्याने स्वतः पुसलेले पाठ आहेत. पाठाची घडण शोधणाऱ्या समीक्षकाला हा मोह अनावर होणार. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाने २०१० मध्ये सलमान रश्दी यांचा जुना मॅकिंटॉश आभासी रूपात वाचकांना खुला केला. पण रश्दी हयात होते आणि काय बंद राहावे हे त्यांना ठरवता आले. मृताला ते ठरवता येत नाही. पुसणे ही लेखनाइतकीच हेतुपूर्वक केलेली कृती असेल, तर यंत्राच्या आळसामुळे शिल्लक राहिलेला मजकूर हा त्या लेखकाचा मजकूर मानता येईल काय? मानता येणार नाही, असेच येथे म्हणावेसे वाटते. तो पुरावा असू शकतो, कृती नव्हे. आणि पुरावा मागणाऱ्याने आधी आपले कारण सांगितले पाहिजे.

आणखी एक पक्ष आहे, ज्याचा विचार आपली पाठचिकित्सा क्वचितच करते. पुसलेला पाठ अभ्यासकाने पुसला, पण गायिला दुसऱ्याच कोणी. कदाचित गायकानेच ‘हे लिहू नका’ म्हटले असेल. कदाचित अभ्यासकाला ते कडवे अशिष्ट वाटले असेल. पहिल्या शक्यतेत ते बाहेर काढणे हा विश्वासभंग ठरतो, दुसऱ्या शक्यतेत दडवून ठेवणे हा अन्याय. डिस्कवरचे सेक्टर या दोहोंत भेद करत नाहीत. तो करावयाचा तर इमेज उघडण्यापूर्वी उमरठच्या वाटेला लागून ज्या घरांत तो पोवाडा गायिला गेला असेल त्या घरांत विचारावे लागेल, आणि तेथे मिळणारे उत्तर आभासी यंत्रातील पाठाशी जुळेलच असे नाही.