आधी ते घड्याळ बंद कर

मध्ये बोलू नकोस, आधी ऐकून घे. परवा तुझ्या वर्गात तासभर मागे सतरंजीवर बसले होते. तिथं जे पाहिलं, त्यानं रात्री झोप लागली नाही.

दाराजवळ बसलेली ती चौथीतली मुलगी. टॅबवर गणित आलं, 43 मधून 17. तिनं टॅब मांडीवर ठेवला आणि बोटांची पेरं मोजायला घेतली. अठरा, एकोणीस, वीस... बरोबर चालली होती. तिशीपर्यंत पोचली आणि पडद्यावरचं घड्याळ संपलं. लाल बदाम विझला. दुसऱ्या गणितालाही तेच. तिसऱ्याला तिनं मोजणंच सोडलं. चारातलं एक उत्तर दाबलं, चुकलं. दुसरं दाबलं, तारा मिळाला. पुढचे तारे तिनं तसेच गोळा केले. तू तेव्हा व्हरांड्यात उभा राहून मुलं कशी रमली आहेत त्याचे फोटो काढत होतास. मोजणाऱ्या पोरीनं तुझ्या डोळ्यांदेखत मोजणं टाकलं आणि तुला पत्ता नाही!

खेळाला माझा विरोध आहे असं म्हणून अंग काढून घेऊ नकोस. खेळातून शिकवणं या भागाला टॅबनं शिकवलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, तर त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे घेतले. मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. साधन साधंच होतं, पण बाई मुलाशेजारी बसलेली असायची.

संगणकावरच्या खेळाचंही तसंच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात 1971 साली 'ऑरेगॉन ट्रेल' नावाचा संगणकावरचा खेळ तयार झाला, तोही शिक्षक होऊ घातलेल्या तीन तरुणांनी केला, इतिहासाच्या तासासाठी. पडदाही नव्हता, मजकूर कागदावर छापून यायचा. मुलं घोळक्यानं बसायची आणि पुढची चाल आपसांत ठरवायची. तुझ्या वर्गात मुलं होती, पण परवा एकही मूल दुसऱ्याशी बोललं नाही. 2025 च्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि शैक्षणिक खेळांना उत्तेजन मिळालं, हे मलाही ठाऊक आहे. पण समोर येईल तो खेळ त्यानं शैक्षणिक होत नाही. तो पारखून घेणं तुझं काम, आणि ते तू केलं नाहीस.

तुझ्या धाकट्या भावाकडे बघ. वेल्डिंग शिकताना त्यालाही आधी पडद्यावरच बसवलं होतं. शिरस्त्राणात खोटी ठिणगी, हातात खोटा होल्डर. रॉड वाया जात नाही, डोळे भाजत नाहीत, शंभरदा चुकता येतं. चांगली सोय आहे, विमान चालवणारेसुद्धा असंच शिकतात. पण त्याचे उस्ताद प्रत्येक टाक्यानंतर पडदा थांबवत आणि विचारत, "हात कुठे हलला? कोन कुठे बिघडला?" त्याला सांगता येईपर्यंत पुढे जाऊ देत नसत. मग खरा रॉड हातात दिला. तो पहिल्याच दिवशी चिकटला, तेव्हाही ते पाठीशी उभे होते. आज पोरगा उंबरगावला कामाला जातो.

आणि तू वारली घरातला. पहिलीत आलास तेव्हा माझं मराठी तुला कळत नव्हतं, कोपऱ्यात तोंड लपवून बसायचास. तुझ्या आईकडून मी तुमच्या बोलीतले आकडे शिकून घेतले आणि चिंचोके मांडून तुझ्याशी खेळले, पावसाळाभर. हे उपकार म्हणून सांगत नाही, तो माझा धर्म होता. त्या मुलीचं का चुकलं हे तो टॅब सांगत नाही, आणि सांगितलंच तर पुस्तकी मराठीत सांगेल. तिच्या बोलीत समजावू शकणारा त्या खोलीत तू एकटा होतास. तोच तू व्हरांड्यात निघून गेलास, याचा मला संताप आहे.

सोमवारी मी पुन्हा येणार आहे. खेळात घड्याळ बंद करायची सोय असेल तर कर, नसेल तर तो खेळ काढून टाक. दोघा-दोघांत एक टॅब दे. दाबण्याआधी एकानं दुसऱ्याला उत्तराचं कारण सांगायचं, त्यांच्या बोलीत. फोन कपाटात. त्या मुलीशेजारी खाली बस आणि 43 मधून 17 तिला सावकाश मोजू दे. चिंचोके नसतील तर मी घेऊन येते.