पुण्याई गवळणीपर्यंतच

शिरूर-दौंडकडे यात्रेचा तमाशा ठरला की गावभर चर्चा नावाची होते. फड कुणाचा? मंगला बनसोडे यांचा म्हटलं की जाणती माणसं लगेच म्हणतात, 'विठाबाईची लेक.' खुद्द विठाबाई नारायणगावकर भाऊ-बापूंच्या फडातल्या, भाऊंची लेक. आता मंगलाताईंचे चिरंजीव नितीनकुमार त्याच बोर्डावर उभे राहतात.

घराण्याच्या नावाची ही पुण्याई, माझ्या मते, गवळणीपर्यंतच पुरते. यात्रेचा खेळ गावाने सुपारी देऊन आणलेला. तिकीट नाही, त्यामुळे उठून जायला कुणाची आडकाठी नाही. गण झाला, गवळणीतली मावशीची थट्टा झाली की पुढचा वग स्वतःच्या दमावर ओढायचा. रात्रभर नाचलेल्या पायांत सकाळी हजेरीच्या खेळासाठी पुन्हा चाळ बांधायचे. तिथे आईचं नाव कामी येत नाही.

बापाच्या नावाचंही असंच. अमेरिकेत गायक टिम बकलींचा मुलगा जेफ 1991 साली ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये वडिलांची गाणी गायला आणि पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला. पुढे 'ग्रेस' हा अल्बम त्याने स्वतःच्या आवाजावर उभा केला. पण तिथे बापलेकांची तुलना करायला दोघांच्या तबकड्या होत्या. विठाबाईंच्या बोर्डावरच्या रात्री बहुतेक म्हाताऱ्यांच्या आठवणीतच उरल्या. चालू खेळात बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा नाचायला आल्या, ही कथा अजून पारावर सांगितली जाते. आठवणीतली आई वर्षागणिक मोठी होत जाते. लेकीला मात्र आजच्या रात्री, आजच्या घशाने गावं लागतं.

म्हणून फडात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सिनेमाची गाणी आली की नाकं मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. शंभरावर माणसांचं पोट त्या एका खेळावर असतं. चौफुल्याच्या कला केंद्रांतल्या बैठकीच्या लावणीचा बाज वेगळा, श्रोता वेगळा. तो मापदंड उघड्या मैदानाला लावू नये.

विठाबाई 2002 साली हलाखीत गेल्या. 2006 पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या गंगाराम कवठेकरांना तो मिळाला, मंगलाताईंनाही मिळाला. सन्मान योग्यच. पण आईच्या बाबतीत जे राहून गेलं ते लेकीच्या आणि नातवाच्या बाबतीत तरी सरकारने करावं: यात्रेच्या मैदानात, गणापासून वगाच्या शेवटापर्यंत, शिट्ट्या-आरोळ्यांसकट अख्खी रात्र ध्वनिमुद्रित करून ठेवावी.