आपली नावे कोठे लिहिली आहेत?



लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक आनंदाचा प्रसंग आहे. प्रभू येशूने आपल्या बहात्तर शिष्यांना जोडीजोडीने गावोगावी पाठविले होते. ते परतले तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. प्रभूच्या नावाने भुतेसुद्धा वश झाली, हे कधी एकदा त्याला सांगतो असे त्यांना झाले होते. प्रभू त्यांच्यावर रागावला नाही. तुमचे काम क्षुल्लक आहे, असेही तो म्हणाला नाही. त्याने फक्त त्यांच्या आनंदाची जागा बदलली. आपल्या हातून काय काय घडले यात आनंद शोधण्यापेक्षा, स्वर्गात आपले नाव नोंदलेले आहे यात तो शोधावा, असे त्याने त्यांना समजाविले.

हा उतारा सुट्टीच्या दिवसांत टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या मुलांजवळ बसून वाचण्यासारखा आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी मुलांना मैदानावर पाठविण्याची सोय नसते. मग खिडक्यांना पडदे, कूलरचा घों घों आवाज आणि टीव्हीला जोडलेले प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स! जेवणाची ताटे वाढलेली असतात, आई चारदा हाक मारते, आणि उत्तर येते, "थांब ना मम्मी, एकच ट्रॉफी राहिली आहे!"

ही ट्रॉफी म्हणजे काय, असे आजी-आजोबा विचारतील. गेममध्ये ठरवून दिलेली एखादी कामगिरी पार पडली की पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट उमटते, टिंग असा आवाज होतो आणि ती कामगिरी खेळाडूच्या नावावर कायमची जमा होते. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० हे यंत्र आले, तेव्हा मायक्रोसॉफ्ट कंपनीने अशा कामगिऱ्यांना गुण द्यायला सुरुवात केली. डिस्कवरच्या एका पूर्ण गेममागे साधारण १,००० गुण ठरविले गेले आणि सर्व गेम्सच्या गुणांची बेरीज खेळाडूच्या नावापुढे दिसू लागली. २००८ मध्ये सोनी कंपनीने प्लेस्टेशन ३ वर ब्राँझ, चांदी, सोने आणि प्लॅटिनम अशा ट्रॉफ्या आणल्या. गेममधील बाकीच्या ठरलेल्या सर्व ट्रॉफ्या मिळविल्या, तरच प्लॅटिनम हाती लागते. म्हणजे ४० ट्रॉफ्या झाल्या आणि एक राहिली, की तीच डोळ्यांपुढे नाचत राहते.

गुणांचे हे वेड काही नवे नाही. १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम आला, तेव्हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा स्कोअर पडद्यावर राहू लागला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्ये जिंकणाऱ्याला आपल्या नावाची तीन आद्याक्षरे कोरता येऊ लागली. तीन अक्षरांसाठी लोक खिसे रिकामे करीत. पण त्या यंत्राची वीज बंद झाली, की सगळी नावे पुसली जात! सकाळी यंत्र सुरू झाले, की यादी पुन्हा कोरी.

आज वडील झालेल्या पुष्कळांना नव्वदच्या दशकातली टीव्हीला जोडायची स्वस्त यंत्रे आठवत असतील. मारिओ, काँट्रा हे गेम आपल्याकडे घराघरांत त्यांच्यावरच खेळले गेले. त्या कॅसेटवर मोठ्या अक्षरांत '९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्यक्षात लावून पाहिले, तर तेच ते मोजके गेम वेगवेगळे क्रमांक घेऊन पुन्हा पुन्हा येत. आकडा मोठा आणि ऐवज थोडा! आपल्या जीवनाची कॅसेटही कधी कधी अशीच होते.

आकडा पुढे आला, की खेळण्याचा आनंद मागे पडतो. एक्सबॉक्स ३६० वर 'अवतार' या कार्टून मालिकेवर बेतलेला एक गेम होता. त्यात सुरुवातीलाच एक युक्ती केली, की काही मिनिटांत पूर्ण १,००० गुण मिळत. ज्यांना त्या गेमची काडीचीही आवड नव्हती, त्यांनीसुद्धा तो गुणांसाठी खेळला. दुसरीकडे, शेकडो तास घालवूनही पूर्ण गुण हाती न लागणारे गेम आहेत. बेरजेच्या आकड्यात दोघांचे १,००० सारखेच दिसतात. कोण रमला, कोण कंटाळला, कोणी धाकट्या भावाला आपली पाळी दिली, हे आकड्याला कळत नाही.

आणि समजा, एखादा शिखरावर पोहोचलाच, तर तेथे काय असते? 'पॅकमॅन' हा १९८० चा गेम तुम्हांला ठाऊक असेल. त्यात जास्तीत जास्त ३३,३३,३६० गुण मिळू शकतात. त्यासाठी कित्येक तास एकही चूक न करता खेळावे लागते. २५६ वा टप्पा आला, की यंत्राची मोजणीच संपते आणि उजवीकडचा अर्धा पडदा अक्षरे व चिन्हे यांच्या गोंधळाने भरून जातो. तेथे अभिनंदन नाही, समाप्ती नाही, 'शाब्बास' म्हणणारे कोणी नाही. शिखर गाठणाऱ्याला भेटते ती यंत्राची मर्यादा.

मग खेळणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाविषयी केलेले विवेचन अभ्यासावे लागे. शरीराला जशी झोप, तसा मनाला खेळ, असे त्यांचे सांगणे आहे. सतत ताणलेले धनुष्य मोडते, हा जुना दाखला ते देतात. कधीच न हसणारा आणि दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा माणूसही चुकतो, असेही ते म्हणतात. ज्या घरात सर्व खेळ सैतानाचे मानले जातात, त्या घराने याचा विचार करावा.

आपल्या नागपूरच्या सदर भागातील कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस दे सेल्स यांनी तर यावर नेमकी सूचना दिली आहे. १६०९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भक्तिमय जीवनाविषयीच्या ग्रंथात बुद्धिबळासारख्या खेळांना ते चांगली करमणूक म्हणतात. मात्र दोन गोष्टींविषयी ते सावध करतात. पहिली वेळेची. पाच-सहा तास बुद्धिबळ खेळून उठलेल्या माणसाचे मन ताजे न होता थकलेले असते. मग ती करमणूक राहत नाही, ते काम होऊन बसते. दुसरी हृदयाची. खेळ कितीही निर्दोष असो, त्यात जीव गुंतवू नये. चारशे वर्षांपूर्वीच्या या बिशपांनी गेमचे यंत्र पाहिले नव्हते, पण माणसाचे हृदय चांगले पाहिले होते.

हृदय का गुंतते, हा खरा प्रश्न आहे. यंत्र वाईट आहे म्हणून गुंतते, एवढे उत्तर पुरेसे नाही. पालकांनो, जरा मुलाच्या जागी बसून पाहा. गेममध्ये पहिली पायरी ओलांडली, की यंत्र लगेच त्याला शाबासकी देते. घरी मात्र ८५ टक्के मिळाले, तर पुढचा प्रश्न असतो, "शेजारच्या मुलाला किती?" नागपुरात चौकाचौकांत कोचिंग क्लासचे फ्लेक्स लागतात; त्यावर ज्यांचे रँक आले त्यांचे फोटो असतात. ज्यांचा फोटो कोठेच लागणार नाही असे आपले मूल घरी येऊन रिमोट हातात घेते आणि त्याला कळते की निदान येथे तरी आपली नोंद होते. मुलांनी आकड्यांवर प्रेम करायचे यंत्राकडून शिकण्यापूर्वी ते आपल्याकडूनच शिकले आहे. आपणां मोठ्यांचेही गुणफलक आहेत: पगार, फ्लॅट, गाडी, आणि हो, केलेल्या नोव्हेना व दिलेल्या देणग्यासुद्धा! बहात्तर शिष्यांचा आनंद तर धर्मकार्यातल्या यशाचाच होता, हे विसरू नये.

आता शुभवर्तमान आपल्याला कोणता आधार देते, ते पाहू. यार्देन नदीत येशूचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा त्याने अजून एकही चमत्कार केला नव्हता, एकही प्रवचन दिले नव्हते. नाझरेथ गावातला तो एक सुतार होता. तरी स्वर्गातून पित्याची वाणी झाली, की हा आपला प्रिय पुत्र आहे आणि याच्याविषयी आपण संतुष्ट आहो. शाबासकी आधी आली, काम नंतर सुरू झाले. लगेच अरण्यात सैतान येतो आणि काय म्हणतो? तू देवाचा पुत्र असशील तर सिद्ध करून दाखव, धोंड्यांच्या भाकरी कर! मोहाची भाषा तेव्हाही हीच होती: आधी कामगिरी, मग ओळख. येशूने काहीही सिद्ध केले नाही. ज्याला पित्याचा शब्द मिळाला आहे, त्याला गुण गोळा करून स्वतःला पटवून द्यावे लागत नाही.

संत पौलाकडेही मोठी यादी होती. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो ती देतो: आठव्या दिवशी सुंता, बेन्यामीनचा वंश, परूशी पंथ, नियमशास्त्रात निर्दोष. एकही ट्रॉफी राहिलेली नाही! आणि ख्रिस्ताची ओळख झाल्यावर तो ही सारी जमा तोट्याच्या खात्यात टाकतो. पण मुलांनो, पौल आळशी झाला नाही. त्याच अध्यायात तो बक्षिसाकडे धावणाऱ्या खेळाडूसारखा धावतो आहे. मेहनत तशीच राहिली. फरक इतकाच, की पूर्वी तो प्रेम मिळावे म्हणून धावत होता आणि आता प्रेम मिळाले म्हणून धावतो आहे.

आपल्या काळात हे करून दाखविणारा एक मुलगा आहे. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्याला संत म्हणून घोषित केले, तो कार्लो अक्युटिस. १९९१ मध्ये जन्मलेला हा इटालियन मुलगा १२ ऑक्टोबर २००६ रोजी, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याच्याकडे प्लेस्टेशन होते आणि त्याला ते आवडतही होते. पण आठवड्यातून एकच तास खेळायचे, असे त्याने स्वतःला बंधन घातले होते. संगणकातले आपले कौशल्य त्याने ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जगाला देण्यासाठी वापरले. यंत्र त्याच्या हातात होते. तो यंत्राच्या हातात नव्हता.

या आठवड्यात आपण काही साध्या गोष्टी करू या. खेळ थांबण्याची वेळ खेळायला बसण्यापूर्वीच ठरवावी, आणि ती ट्रॉफीवर नव्हे तर घड्याळावर ठरवावी. पालकांनी दहा मिनिटे आधी आठवण करावी, कारण मध्येच यंत्र बंद केले तर मुलाची मेहनत खरोखरच वाया जाऊ शकते व त्याचा राग समजण्यासारखा असतो. ट्रॉफीची चौकट व तिचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो; एक आठवडा तसे खेळून पाहावे. निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर सर्व गेम्सना लागू होणारी अशी ट्रॉफीची व्यवस्थाच नाही, तरी मुले त्यावर आनंदाने खेळतात. बाबांनी एकदा दुसरा रिमोट हातात घेऊन मुलाबरोबर खेळावे आणि मनमोकळेपणाने हरावे. ज्या कामाला गुण नाहीत, अशा कामासाठी रोज एक शाबासकी द्यावी: आजीला पाणी दिले, बहिणीशी भांडण मिटविले, चूक कबूल केली.

काही घरांत गोष्ट याच्या पुढे गेलेली असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून गेमच्या विकाराचा समावेश लागू झाला आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे ही त्याची लक्षणे असून, ती साधारण वर्षभर टिकलेली असावी लागतात. पुष्कळ खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. पण शंका आली, तर लाज न बाळगता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रार्थना आणि उपचार यांचे वैर नाही.

शेवटी, आज ख्रिस्तप्रसादाच्या रांगेकडे नीट पाहा. ९५ टक्केवाल्याला मोठा प्रसाद आणि ५५ टक्केवाल्याला लहान, असे तेथे नसते. मोठा साहेब आणि त्याचा ड्रायव्हर एकाच रांगेत येतात आणि एकच ख्रिस्त स्वीकारतात. तेथे कोणाचाही स्कोअर लागलेला नाही. स्नानसंस्काराच्या वेळी पाणी ओतताना आपले नाव उच्चारले गेले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना बोलतासुद्धा येत नव्हते. तेच नाव पित्याजवळ लिहिलेले आहे. वीज गेली तरी ते पुसले जात नाही.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, आम्ही खेळावे, हसावे आणि मेहनत करावी, पण आमची किंमत कोणत्याही आकड्यात शोधू नये. आमच्या मुलांना घरातच तुझ्या प्रेमाचा शब्द ऐकू येवो. संत कार्लो, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.