पाणी काढणाऱ्यांना ठाऊक होतं

बसा जरा. योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मनात आणा: काना गावचं लग्न. एरवी आपण पंगतीत बसतो. आज मागच्या दाराने जाऊ.

तिथे सहा दगडी रांजण आहेत, आजच्या मापाने एकेकात ८० ते १२० लिटर पाणी मावेल असे. द्राक्षारस संपलाय, घरच्यांची अब्रू टांगणीला लागलीय, आणि येशू चाकरांना सांगतो पाणी भरायला! पाणी कुठून आणलं, ते योहान लिहीत नाही. विहिरीवरून असेल. बारा लिटरची घागर धरली तर निदान ४० खेपा.

त्यातली एक खेप तुम्हीही करा. घाई नको. खांद्यावरचं ओझं, ओली वाट, आतून येणारे हसण्याचे आवाज. रांजण थोडे उणे राहिले असते तरी कोण बघायला येणार होतं? पण त्यांनी ते काठोकाठ भरले. या एका शब्दापाशी थांबा. काठोकाठ. शेवटची घागर ओतताना पाणी ओघळलं असेल, पावलं भिजली असतील.

मग त्यातलंच थोडं काढून भोजनकारभाऱ्याकडे न्यायचं. पाण्याचा रस नेमका कधी झाला, हेही योहान सांगत नाही. चाकर निघाला तेव्हा भांड्यात काय होतं? मला या गोष्टीत सगळ्यात अवघड वाटतात ती ही दहा पावलं.

कारभारी चाखतो, खूश होतो आणि नवरदेवाला बोलावून त्याची वाहवा करतो. नवरदेवाने काय केलं होतं? काहीही नाही. चाकर गप्प राहतात. आणि येशूही गप्प राहतो. इथे मी दर वेळी अडखळतो. श्रेय भलत्याच्याच पदरात पडलं, आणि ज्याचं होतं त्याने ‘अहो, ते मी केलं’ म्हटलं नाही. मात्र योहान जाता जाता एक बारीक नोंद करून ठेवतो: रस कुठून आला हे कारभाऱ्याला कळलं नाही, पाणी काढणाऱ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना चव मिळाली, चाकरांना गुपित.

असंच गुपित लाभलेल्या आणखी काही जणी आठवतात. पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबल केडगावला, त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. छपाईचे खिळे जुळवायला तिथल्याच मुली-बायका होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. भाषांतरकाराचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण छपाईचा खिळा उलटा असतो, म्हणजे त्या बायकांनी प्रत्येक वचन उलट्या अक्षरांनी, चिमटीत धरून, काना-मात्रा तपासत जुळवलं. वचनाशी इतकी सलगी कुठल्या वाचकाला लाभेल? काना गावच्या लग्नाचा हा अध्यायही त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी बोटांखालून गेला.

एक मात्र बोलून टाकतो. मूक सेवेची थोरवी व्यासपीठावरून सांगणं फार सोपं. संडे स्कूलच्या जेवणानंतर दर वेळी त्याच चार बायका भांडी घासत असतील, तर त्यांना स्वर्गातल्या प्रतिफळाची आठवण करून देण्याऐवजी बाह्या वर कराव्यात आणि एक पातेलं आपल्याकडे ओढावं.

आता तुमचा रांजण. प्रभुभोजनाचे पेले धुणं असेल, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना रात्री दोनदा उठून कूस बदलून देणं असेल. कुणी साधं विचारलंही नाही, याचा सल असेल तर तो लपवू नका. तोही रांजणात ओता.

भांडं हातात घ्या. कारभारी समोर दहा पावलांवर बसलाय. खाली वाकून आत काय आहे ते बघू नका. चालू लागा.