पुट्टीखालचा गंज

खंडेनवमी-दसऱ्याला सातारा-सांगलीच्या गल्ल्यांत गाड्या धुऊन निघतात. बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं उमटतात, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. एखाद्या वाड्यासमोर आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी उभी असते, आणि तिच्यासारखा थाट त्या दिवशी नव्या गाडीलाही येत नाही. मात्र पूजा होते ती दिसणाऱ्या पत्र्याची. दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत, मॅटखालच्या तळात काय चाललंय, ते ओवाळणाऱ्याला ठाऊक नसतं. त्या न दिसलेल्या गंजाची जबाबदारी कुणाची? हा प्रश्न गॅरेजचा आहे तितकाच धर्माचाही आहे.

पद्मिनीचं या भागाशी एक नातं आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली, आणि सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. फियाट ११०० वरून घडलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. जुन्या जीपला खाली स्वतंत्र चॅसी असते, त्यामुळे वरचा पत्रा कुजला तरी भार पेलला जातो. पद्मिनीला तशी चॅसी नाही. तळ, दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळून सगळा भार वाहतात. इथे पत्रा हाच कणा.

महाबळेश्वरला पडलेला पाऊस कृष्णेतून वाहत सांगलीला येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांपलीकडे गेली; धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. अशा पुरात बुडालेल्या गाडीवरचा चिखल धुऊन जातो. पोकळ पट्टीत शिरलेला बारीक गाळ मात्र तिथेच बसतो आणि पाणी निचरायची भोकं बुजवतो. ओल, हवा आणि लोखंड एकत्र आले की गंज धरायला लागतो. त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून फुगवतो. बाहेर हरभऱ्याएवढा फोड दिसतो, तोवर आतला पत्रा बराच खाल्लेला असतो.

अनुभवी मिस्त्री तो फोड पाहून लगेच रंगाचा डबा उघडत नाही. तो मॅट उचलतो, तळ हाताने चाचपतो, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दरवाजाखाली ठोकत जातो. शाबूत पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द. लोहचुंबक चिकटेनासं झालं, की तिथे आधी कुणीतरी पुट्टी भरलेली असते. बिजागरी ठीक असूनही दरवाजा उघडताना खाली बसत असेल आणि लावताना उचलावा लागत असेल, तर कणाच खचल्याची शंका घ्यायची. मग टोचा लावायचा. निरोगी पत्रा दाद देत नाही. सडलेल्यात टोक बिस्किटात शिरावं तसं शिरतं आणि लालसर भुगा जमिनीवर पडतो.

इथून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे भोकावर जाळी, तिच्यावर पुट्टी, वर रंग. दोन दिवसांत गाडी चकचकीत. दुसऱ्या वाटेवर बॅटरी सोडावी लागते, पेट्रोलची टाकी उतरवावी लागते, गाडीला खालून नीट आधार द्यावा लागतो. एका वेळी एकच बाजू उघडायची, नाहीतर सांगाडाच वाकतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा घडवायचा आणि जागा बदलत, थोडं थोडं वेल्डिंग करायचं, म्हणजे उष्णतेने पत्रा वेडावाकडा होत नाही. मग गंजरोधक प्रायमर, पोकळीत मेण, आणि निचऱ्याची भोकं मोकळी.

रंग लागल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक कळतो धडकेत, आणि तो आधी आत बसलेल्या माणसाला कळतो.

धम्मपदातल्या मलवग्गाने दुष्कर्माला गंजाची उपमा दिली, कारण गंज ज्याला खातो त्याच्यातच जन्मतो. पण जबाबदारीच्या प्रश्नावर सांगली परिसरातल्या जैन समाजाच्या परिचयाचं तत्त्वार्थसूत्र अधिक नेमकं बोलतं. हिंसेची व्याख्या करताना त्याचे कर्ते उमास्वामी नुसत्या जीव जाण्यावर थांबत नाहीत. प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, त्या व्याख्येत कळीचा आहे. पुरात गाळ शिरला, यात मालकाचा दोष नाही. आत गंज धरलाय हे त्याला कळलं नाही, हेही एकवेळ समजून घेता येतं. पण फोड दिसूनही न ठोकणं हा प्रमाद, आणि बद्द आवाज ऐकून पुट्टी मागवणं हा त्याच्याही पुढचा अपराध. याच ग्रंथात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत तप नंतर येतं. पहिली येते आलोचना, म्हणजे आपला दोष न लपवता गुरूपुढे मांडणं. मिस्त्रीच्या टोच्यापुढे गाडी उघडी करणं ही मालकाची आलोचनाच आहे.

यावर खर्चाचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. एवढं काम प्रत्येकाला परवडत नाही, आणि आजोबांची गाडी भंगारात घालायला हात धजावत नाही. तिला अंगणात उभी ठेवायला कुणाचीच ना नाही. मात्र ती रस्त्यावर काढली किंवा विकली, की प्रश्न दुसऱ्याच्या जिवाचा होतो. ‘खालून सडली आहे’ एवढं सांगितलं तर भाव पडतो. न सांगितलं तर ती किंमत घेणारा मोजतो.

खंडेनवमीची रीतही आधी हत्यारं घासून-पुसून घ्यायची आणि मग पाटावर मांडायची, अशीच आहे. ही तिथी येते आश्विनात, पाऊस सरत असताना, पोकळ्या अजून ओल्या असताना. यंदा माळ चढवण्याआधी मॅट उचला, दरवाजाखाली ठोकून पाहा, भोकांतला गाळ काढा. आवाज बद्द आला तर मिस्त्रीला बोलवा, आणि तो म्हणेल तेवढा पत्रा त्याला कापू द्या.