प्रारब्ध आणि औषध

'भोग आहे, भोगलाच पाहिजे,' हे वाक्य आपल्या मंडळींच्या तोंडी सहज येते. म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या दुखण्याविषयी ते म्हटले तर त्यात शांती असते. परंतु तिशीतल्या मुलाला कर्करोग झाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तेच त्याला ऐकवले, तर त्याचा विचार केला पाहिजे. असे प्रसंग आता विरळ नाहीत. जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे १८ लाख लोकांना १९९० साली हा रोग नव्याने जडला. २०१९ साली तो आकडा ३२ लाखांवर गेला. लोकसंख्या वाढली हे खरे. तथापि आतड्याच्या कर्करोगाचे तरुणांतील प्रमाणही कित्येक देशांत वाढले आहे.

आता कोणी शंका घेईल की, रोग पूर्वकर्माने आला असेल तर औषधाने तो जाणार कसा? याचे समाधान असे. प्रारब्ध कळते ते फळावरून. फळ यायच्या आधीच 'याचे प्रारब्ध असेच' असा निवाडा देणारे आपण कोण? अहो, रोग प्रारब्धाने आला म्हणता, तर चांगला वैद्य भेटला तेही प्रारब्धच का म्हणू नये? चरकसंहितेच्या विमानस्थानातही आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून सांगितले आहे.

प्रत्यक्ष प्रमाण हवे असेल तर जवळचेच बघा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. ज्या गावांत विषाणूची तपासणी एकदाच केली आणि दोष दिसला तिथे उपचार केले, त्या गावांत या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले. दोन्हीकडच्या बायका त्याच जिल्ह्यातल्या, तशाच शेतात राबणाऱ्या. त्यांचे प्रारब्ध गावागणिक वाटले होते काय? फरक होता तो तपासणीचा.

म्हणून तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरत नसेल, स्तनात गाठ लागत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, तर 'या वयात कुठला कर्करोग, मूळव्याध असेल' म्हणून बसू नये. तंबाखू-मिश्री सोडावी. पंढरपूरच्याच जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. पैशाची अडचण असेल तर शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी.

सगळेच बरे होतात असे नाही. उपचार करूनही माणूस जातो. तेव्हा 'हा माझा भोग' असे रोग्याने म्हणावे, त्याला तो अधिकार आहे. आपण त्याच्याविषयी तसे म्हणू नये. आपल्याकडे काम उरते ते त्याच्याबरोबर दवाखान्यात जाण्याचे, रात्री उशाशी बसण्याचे, घरच्या लेकरांना जेवू घालण्याचे. तेवढे आधी करावे.